मोटारसायकलला बाहेरचा सायलेन्सर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीचा सायलेन्सर गंजून सडला, गाडी पडून चेपला किंवा नुसताच डोळ्यांत भरेनासा झाला, की माणूस तालुक्याच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो: आवाज कसा येतो? आवाज काउंटरवर ऐकवता येतो, म्हणून विक्री त्यावरच होते. पण सायलेन्सर बदलला की इंजिनात जळणाऱ्या हवा-पेट्रोलचं गणित बदलतं, आणि नंतरच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. खालची उत्तरं गाव ते वावर, वावर ते तालुका अशी रोज चालणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

स्लिप-ऑन आणि फुल सिस्टीम म्हणजे नेमकं काय?

इंजिनाच्या हेडपासून निघून खाली वळणारी नळी म्हणजे बेंड पाईप आणि मागचा डबा म्हणजे सायलेन्सर. स्लिप-ऑनमध्ये फक्त मागचा डबा बदलतो, तर फुल सिस्टीममध्ये बेंडपासून सगळंच. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना बेंड आणि डबा एकाच वेल्डिंगमध्ये येतात. तिथे स्लिप-ऑन लावायचा म्हणजे पाईप कापायचा, आणि कापलेला पाईप पुन्हा मूळ स्थितीत येत नाही. अशा गाडीला कंपनीचाच नवीन सायलेन्सर घ्या.

गाडीची ताकद किती वाढते?

स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसीच्या इंजिनात जाणवण्याइतकी काहीच नाही. १५० सीसीपर्यंतही जो फरक वाटतो, तो बहुतेक कानाला वाटतो. मोठ्या गाडीवर चांगला स्लिप-ऑन एखादा हॉर्सपॉवर देईल, तोही वरच्या आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे जास्त असताना), जिथे गावाकडच्या रस्त्यावर गाडी क्वचितच जाते. खरा फायदा वजनात होऊ शकतो. कंपनीचा डबा आणि नवा डबा धान्याच्या काट्यावर ठेवून पाहा, विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ते खरं.

"बॅक प्रेशर पाहिजेच" असं मिस्त्री म्हणतो. बरोबर आहे का?

अनुभव बरोबर, कारण चुकीचं. इंजिनाला अडथळा नको असतो, त्याला वेग हवा असतो. जळलेला वायू बेंडमधून वेगाने गेला की त्याच्या मागे कमी दाब तयार होतो आणि तो सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. नळी गरजेपेक्षा रुंद घेतली की वायूचा वेग पडतो, ही ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. मागे खताचं पोतं आणि पुढे चढ अशा वेळी लागतो तो नेमका खालच्या आरपीएमचा जोर. म्हणून मोठ्या गाडीचा जाड पाईप छोट्या गाडीला जोडू नये.

गाडी बीएस-६ आहे. काय सांभाळायचं?

१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत बहुधा बेंडवर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅट. कॅट कुठे आहे ते आधी शोधा. काही गाड्यांत तो बेंडमध्ये किंवा मधल्या पाईपमध्ये असतो, तिथे पाईप मध्येच फुगलेला दिसतो. काहींत तो मागच्या डब्यातच असतो. डब्यात असेल तर स्लिप-ऑन लावला की कॅटही गेला, म्हणजे धूर नियमाबाहेर गेला. पाईपमध्ये असेल तर स्लिप-ऑन लावूनही तो जागेवर राहतो. विकत घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला पार्ट्सचं चित्र दाखवायला सांगा.

फुल सिस्टीम घेत असाल तर सेन्सरच्या भोकाचा आटा जुळतो का पाहा. एम १२ आणि एम १८ असे दोन्ही आकार सापडतात. सेन्सर काढताना त्याची वायर पिळू नका, आधी कपलर सोडवा. "सेन्सर बंद करून देतो" किंवा "त्याच्या जागी रेझिस्टर लावतो" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. सेन्सर नसला की ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) ठरीव अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

सेन्सर शाबूत असला तरी तो सगळं सावरत नाही. मंद आणि एकसारख्या वेगाला ईसीयू सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करतो. मूठ पूर्ण पिळली की तो आतल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता कंपनीच्या सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो. फार मोकळा सायलेन्सर लावला तर फुल थ्रॉटलला मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तेव्हा वेगळा फ्युएल कंट्रोलर, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण बदलणारं यंत्र, लागतो. तो खर्च धरून हिशोब करा.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी आहे, तिला काय करावं लागतं?

इथे सावरणारं कोणीच नाही, जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं बोंड, बदलावा लागतो. क्रम असा ठेवा. एअर फिल्टर साफ किंवा नवीन, प्लग नवीन, व्हॉल्व्ह क्लिअरन्स मॅन्युअलप्रमाणे, आणि मग जेटिंग. मेन जेट एका वेळी एकच पायरी मोठा करा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळून किलोमीटरभर चालवा, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. पांढराफटक असेल तर लीन, काळा काजळीचा असेल तर रिच (पेट्रोल जास्त), विटकरी-खाकी असेल तर ठीक.

आयडलचा स्क्रू कोणत्या बाजूला आहे त्यावर तो कसा फिरवायचा ते ठरतं. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण रिच होतं. एअर फिल्टरच्या बाजूचा हवेचा, बाहेर काढला की लीन. हे उलटं करून गाडी बिघडवणारे मिस्त्री पुष्कळ आहेत.

आपल्याकडे दोन गोष्टी आणखी आहेत. पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी ई-२० मुळे आधीच थोडी लीन चालते, त्यात मोकळा सायलेन्सर भर घालतो. दुसरी गोष्ट ऋतूची. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गरम हवा विरळ असते आणि त्याच जेटवर मिश्रण रिच होतं. मेच्या दुपारी नेमका बसवलेला जेट डिसेंबरच्या पहाटे लीन निघतो. म्हणून उन्हाळ्यात जेट लावताना प्लग किंचित गडद राहू द्या.

लीन चालल्याची लक्षणं: मूठ पिळल्यावर क्षणभर दम धरणं, चढावर टकटक, चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारणं, बेंड हेडजवळ लवकर निळा पडणं. दुर्लक्ष केलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनलाही धोका.

मायलेज पडतं का?

पडतं, आणि बहुतेक वेळा दोष डब्याचा नसून जोडाचा असतो. हेडजवळ किंवा सेन्सरच्या आधी फट राहिली की बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि तो विनाकारण पेट्रोल वाढवतो. दुसरं कारण उजव्या हाताचं: आवाज आवडला की मूठ जास्त पिळली जाते.

पोलीस पकडतील का? कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराचे नियम मोडणारी गाडी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र, अशी तरतूद आहे. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ(४) लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी भावाच्या नावावर आणि चालवता तुम्ही, तर दुसरं कलम भावावर येतं, हे लक्षात असू द्या.

नवी गाडी मंजूर करताना आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८० आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. नागपुरात जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला जातो, ते परत मिळत नाहीत.

पीयूसी आहे म्हणून सुटका नाही. पीयूसीत धूर मोजतात, आवाज नाही.

डब्यावर "एआरएआय पास" लिहिलंय. चालेल ना?

एआरएआय म्हणजे गाड्यांची चाचणी घेणारी पुण्यातली संस्था. पण स्टिकर छापायला दोन रुपये लागतात. प्रमाणपत्र मागा आणि त्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का वाचा. नसेल तर ते तुमच्यासाठी नाही. युरोपातल्या डब्यावर गोलात "ई" आणि आकडा कोरलेला असतो. तो ठरावीक मॉडेलपुरता, आणि आतला डीबी किलर (तोंडातली आवाज कमी करणारी नळी) जागेवर असेपर्यंतच खरा. आपल्या रस्त्यावर त्याने चलान टळत नाही. आणि "अक्रापोविच" लिहिलेला डबा दोन-अडीच हजारांत मिळत असेल तर तो स्लोव्हेनियातून आलेला नाही, एवढं धरून चाला.

आवाज घरी कसा मोजायचा?

गाडी मोकळ्या अंगणात उभी करा, भिंतीपासून किमान तीन मीटर लांब. मोबाइल सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, त्याच उंचीला, धुराच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला धरा. जास्तीत जास्त ताकद ज्या आरपीएमला येते त्याच्या निम्म्यावर इंजिन धरा. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ताकद ६,१०० ला येते, म्हणून तिला साधारण ३,०५०. मोबाइलचं ॲप अचूक नसतं, पण जुना आणि नवा सायलेन्सर एकाच दिवशी एकाच फोनने मोजला तर फरक नीट कळतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. इथले आकडे वरच्या ७७-८० शी लावू नका, ती मर्यादा ७.५ मीटरवरून जाणाऱ्या गाडीची आहे.

कोणता पत्रा घ्यावा? चुंबक लावून स्टील ओळखता येतं म्हणतात.

अर्धवटच ओळखता येतं. ३०४ ग्रेडला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. पण स्वस्त २०१ ग्रेडलाही चिकटत नाही, आणि ते लवकर गंजतं. उलट ४०९ ला चिकटतं, तरी ते सायलेन्सरसाठीच वापरलं जाणारं चांगलं स्टेनलेस आहे. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. क्रोम केलेलं साधं लोखंड स्वस्त पडतं, पण क्रोमला एक ओरखडा पडला की खालून गंज पसरतो. युरिया, डीएपीची पोती मागे बांधून नेत असाल तर सांडलेले दाणे त्याच दिवशी पाण्याने धुवा. ओलाव्यात ते क्रोम आणि वेल्डिंग दोन्ही खातात.

टायटॅनियम हलकं आणि देखणं, पण चिरलं तर तालुक्यात कोणी जोडून देणार नाही. ३०४ ला टिग वेल्डिंगवाला जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतो.

दुकानात काय तपासायचं?

बेंडच्या टोकाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून न्या. बाजारातल्या "सगळ्या गाड्यांना बसतो" छाप डब्यांचं तोंड बहुधा ५१ मिमीचं असतं आणि ते ॲडॅप्टरने लहान केलेलं असतं. जोडात एक मिमीपेक्षा जास्त फट नको, क्लॅम्प कितीही आवळला तरी ती बंद होत नाही. डबा हलवून पाहा, आत काही खडखडत असेल तर ठेवा परत. टॉर्च लावून तोंडातून पाहा: बेंडकडून थेट आरपार उजेड दिसला तर ती मोकळी नळी आहे, भोवती जाळी आणि वूल (आवाज शोषणारे काचेचे तंतू) असेल तरच थोडा आवाज मरेल. डीबी किलर असेल तर तो बोल्टने निघणारा आहे का आणि बोल्ट कोणत्या मापाचा, तेही बघा, कारण तो बोल्ट ढिला होऊन रस्त्यात पडतो.

मग एक प्रश्न, जो कोणी विचारत नाही: डबा लागल्यावर मागच्या चाकाचा एक्सल बाहेर निघेल का? पंक्चरवाल्याकडे चाक काढायला आधी सायलेन्सर सोडावा लागला तर गरम पाईपशी झटापट ठरलेली.

बसवायची बरोबर पद्धत कोणती?

इंजिन पूर्ण थंड असावं. हेडजवळच्या स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट अडला तर थोडा मागे-पुढे करत काढा, एकदम जोर लावला की स्टड हेडमध्येच तुटतो आणि शंभराचं काम हजारांत जातं. हेडमधली गोल गास्केट दर वेळी नवीन टाका, जुनी दबून चपटी झालेली असते.

सगळे बोल्ट आधी हाताने नुसते अडकवा. मग हेडचे नट थोडे-थोडे आलटूनपालटून, नंतर मधला क्लॅम्प, सगळ्यात शेवटी मागचा ब्रॅकेट आवळा. ब्रॅकेट आधी आवळला तर पाईप ताणाखाली राहतो आणि काही महिन्यांत वेल्डिंगजवळ चिरतो. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधला घ्या. तो नसेल तर एम ६ ला साधारण १० न्यूटन-मीटर, एम ८ ला २० च्या आसपास. ब्रॅकेटमधला रबर बुश आणि त्याच्या आतली लोखंडी नळी विसरू नका. रबराशिवाय आवळलेला डबा थरथरून तुटतो. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, सेन्सरच्या टोकाला मात्र नको. साधं सिलिकॉन जोडाला फासू नका, त्याची वाफ सेन्सर मारते.

सुरू करण्याआधी स्टेनलेसवरचे हाताचे डाग थिनरने पुसून वाळू द्या, नाहीतर बोटांचे ठसे तापून कायमचे उमटतात. दोन माणसं बसवून गाडी दाबा आणि टायर, स्विंगआर्म, ब्रेक लाइटची वायर यांच्यापासून डबा किमान २० मिमी लांब राहतो का पाहा. दहा-पंधरा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा सगळं आवळा.

मूठ सोडली की फट-फट होतं. का?

बहुतेक गळती. थंड इंजिन सुरू करून लगेच हेडच्या जोडाजवळ पेटती उदबत्ती धरा, धूर फडफडला किंवा आत ओढला गेला तर जागा सापडली. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करू नका. साबणाचं पाणी मारलं तरी बुडबुडे दिसतात. गळती नसेल तर आयडलचं मिश्रण लीन आहे. बीएस-४ च्या कार्ब गाड्यांत हेडला ताजी हवा देणारी एक रबरी नळी असते, तिचा व्हॉल्व्ह खराब झाला तरी असाच आवाज येतो.

मुद्दाम फटाके फोडणं वेगळं. चालत्या गाडीची चावी बंद-चालू केली की न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. त्यात कॅट वितळतो आणि वूल उडतं. शेजारून जाणाऱ्या बंडीचे बैल बिथरले तर बंडी धुऱ्याखाली जाते. यासाठी सायलेन्सर सुचवा, असं कोणी विचारू नये.

पावसाळ्यात पांदण रस्त्याने जावं लागतं. कोणता चालेल?

मागे वर उचललेला आणि इंजिनाच्या पोटाखाली न लोंबणारा. काळी माती गरम पाईपवर बसली की भाजून कडक होते आणि तिच्याखाली ओल राहते. पाईप थंड झाल्यावरच पाणी मारा आणि हीट शील्डच्या मागची माती काडीने काढा.

नाल्यातून जाताना इंजिन चालू आहे तोवर धुराचा दाब पाणी आत येऊ देत नाही. मध्येच बंद पडलं आणि तोंड पाण्याखाली असेल तर किक मारू नका. ढकलून बाहेर काढा, पुढचं चाक उंच करून मागून पाणी गळू द्या, प्लग काढून चार-पाच किक मारा, ऑइल दुधाळ झालंय का पाहा. मगच सुरू करा. आखूड, सरळ, खाली तोंड असलेल्या पाईपमधून पाणी व्हॉल्व्हपर्यंत लवकर पोहोचतं.

सायलेन्सर सडण्याचं मोठं कारण मात्र बाहेरचं पाणी नाही. घर ते वावर दोन किलोमीटर, बंद, पुन्हा दोन किलोमीटर. एवढ्यात डबा पुरता तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी आतच साचतं आणि आतून गंज धरतो. डब्याच्या तळाशी बारीक भोक असतं, ते त्याच पाण्यासाठी. त्यातून काळे थेंब पडले तर मिस्त्रीकडे पळू नका आणि ते भोक वेल्डिंगने बुजवूही नका. चिखलाने बंद झालं तर तारेने मोकळं करा. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालली तर डबा कितीतरी जास्त टिकतो.

वावरात गाडी उभी करायला धोका आहे का?

आहे. चालून आलेल्या गाडीचा पाईप ३०० अंशांच्या वर असू शकतो आणि कॅटचा भाग बराच वेळ गरम राहतो. सोयाबीनचं कुटार, वाळलेलं गवत, पऱ्हाटीच्या ढिगाला टेकून गाडी लावू नका. शील्ड नसलेला बाहेरचा पाईप इथे कंपनीच्यापेक्षा जास्त धोकादायक. मोकळ्या मातीवर उभी करा.

डबल सायलेन्सर लावला तर?

बायका डावीकडे पाय सोडून बसतात, सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून निभतं. डावीकडे दुसरा डबा आला की पदर आणि पोटरी दोन्ही त्याच्यावर. दुधाच्या कॅन किंवा फवारणी पंप बाजूला टांगत असाल तरीही नको, प्लॅस्टिकची टाकी वितळते.

आवाज हळूहळू वाढत गेला. डबा खराब झाला का?

वूलवाला डबा असेल तर आतलं ग्लास वूल जळून उडालं आहे. रिव्हेटवाला डबा उघडून नवीन भरता येतं: जाळीच्या नळीभोवती घट्ट पण न ठेचता गुंडाळा, हातमोजे आणि तोंडाला रुमाल असू द्या. ठासून भरलं तर आवाज उलट वाढतो, कारण वायूला वूलमध्ये शिरायला जागाच राहत नाही. कंपनीच्या डब्यात बहुधा कप्पे असतात, वूल नसतं. तिथे आवाज वाढला म्हणजे आतली भिंत गंजून तुटली, तो बदलायचाच.

मिस्त्री म्हणतो, नवीन घेऊ नका, आतली जाळी काढून देतो.

नको. परत बसत नाही, कायद्याने तोही बदलच धरला जातो, आणि लीन मिश्रणाचा सगळा त्रास मोकळ्या सायलेन्सरइतकाच होतो.

यामाहा आरएक्स १०० ला हेच नियम लागू होतात का?

नाही. टू-स्ट्रोकमध्ये पाईपचा फुगीर आकारच ताकद ठरवतो. त्यातून परतणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. म्हणून तिथे दिसण्यासाठी पाईप बदलू नका, मूळ मापाचाच शोधा. ताकद पडली असेल तर आधी कार्बन काढा. आतली नळी बाहेर काढून, कॉस्टिक सोडा पाण्यात टाकून (पाणी सोड्यावर नव्हे) त्यात बुडवून ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात जाऊ देऊ नका. डोळ्यांना चष्मा हवाच.

जुना सायलेन्सर दुकानदार दीडशे रुपयांत घेतो म्हणतो. देऊ का?

देऊ नका. बीएस-६ डब्यातल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, भंगारवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं. शिवाय वॉरंटीचा दावा, आरटीओची तपासणी किंवा गाडी विकणं, तिन्ही वेळी मूळ सायलेन्सर लागतो. आतून वाळवा, तळाचं भोक मोकळं ठेवा, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे लावा म्हणजे उंदीर आणि गांधीलमाश्या घर करणार नाहीत, आणि कोठ्याच्या माळ्यावर टांगून ठेवा. खताच्या पोत्यांजवळ नको.